एकट्या आईची गोष्ट पडद्यावर आणताना: नागपुरात पहिला लघुपट करणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या होतकरू लघुपटकारांच्या संहिता वाचून देण्याचे काम मी काही वर्षांपासून करते आहे आणि त्यांत एकट्या आईची गोष्ट वारंवार येते. तिची सुरुवातही बहुधा ठरलेली असते. गणेशपेठच्या बसस्थानकावर पहाटे एसटी थांबते, एक बाई एका हातात बॅग आणि कडेवर झोपलेले मूल घेऊन उतरते, आकाशाकडे पाहते आणि बासरी वाजू लागते. पहिले पान वाचून झाले की मी लेखकाला एकच प्रश्न विचारते: या बाईचा पगार किती? उत्तर सहसा येत नाही. ती ‘एका छोट्या खोलीत’ राहणार एवढेच ठरलेले असते आणि मूल शाळेतून किती वाजता सुटते, याचा तर विचारच झालेला नसतो. तिचे दुःख मात्र बारीकसारीक तपशिलांसह लिहिलेले असते.

रोजच्या जगण्यावरच्या चित्रपटात खून, अपघात किंवा योगायोग मदतीला येत नाहीत, त्यामुळे कथा पुढे ढकलायची तर ती तिच्या दिवसातल्या अडचणींनीच ढकलावी लागते. म्हणून पटकथेचे पहिले पान लिहिण्यापूर्वी दोन कागद तयार करावेत, एक तिच्या दिवसाचा आणि दुसरा तिच्या पैशाचा. पुढचे विवेचन वीस-बावीस मिनिटांचा लघुपट डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरला तर वीस-बावीस पानांचा हा मामला आहे, आणि एवढ्या पानांत दोन कागदांपेक्षा जास्त सामग्री मावतही नाही.

दिवसाचा कागद

उदाहरणासाठी एक बाई घेऊ. तिचे नाव वैशाली, वय चौतीस, मुलगा चिनू दुसरीत. माहेर उमरेडचे, सासर अमरावतीचे. दोन्ही ठिकाणे टाळून तिने नागपुरात मानेवाड्याला एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे आणि धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर ती नोकरी करते. धंतोली आणि रामदासपेठ हा दवाखान्यांचा भाग असल्यामुळे ही नोकरी पटण्याजोगी आहे. शिवाय लॅबचे काम घड्याळावर चालते, आणि आपल्याला घड्याळच हवे आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसे पहाटेपासून येतात, म्हणून वैशालीची वेळ साडेसात ते चार आहे.

आता एका कोऱ्या कागदावर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचा तिचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून काढावा. पाचला उठणे, पाणी भरणे, दोन डबे, सहा चाळीसला चिनूची व्हॅन, सातला गाडीला किक. शाळा साडेबाराला सुटते आणि चिनू एक वाजता घरी पोहोचतो. वैशाली साडेचारला येते. मधल्या साडेतीन तासांत तो कोणाकडे आहे? हा प्रश्न विचारला की चित्रपटातली बाकीची पात्रे आपोआप दाराशी येऊन उभी राहतात.

पाळणाघरात ठेवायचे तर पैसे लागतात. उमरेडहून आईला आणावे तर भाऊ-वहिनीचे घर अडते आणि ‘माहेरी येऊन बसली’ हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून केलेली सगळी धडपड वाया जाते. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी दोन दिवस सांभाळेल, तिसऱ्या दिवशी तिची परीक्षा निघेल. चिनूच्या गळ्यात किल्ली अडकवावी तर ती सात वर्षांच्या मुलाची किल्ली आहे. राहता राहिल्या खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण बोरकरकाकू. त्या चिनूला वरणभात वाढतात, त्याला दुपारी झोपवतात, आणि त्यासाठी एक पैसा घेत नाहीत. काही घेत नाहीत हीच खरी अडचण आहे, कारण पैसे दिले की व्यवहार संपतो आणि उपकार झाले की तो सुरू राहतो. काकूंच्या साखरेचा रिपोर्ट वैशालीने लॅबमधून आणून द्यावा, त्यांच्या मुलाशी व्हिडिओ कॉल लावून द्यावा, रविवारी त्यांना महाल भागातल्या देवीला घेऊन जावे, आणि यातले काहीच कधी मागितलेले नसावे, एवढ्यावर दोन बायकांमधले संपूर्ण नाते उभे राहते. त्यात खलनायिका लागत नाही.

कथेला मध्यावर वळण हवे असते, तेही याच कागदावर सापडते. लॅबमध्ये एक दिवस नवे वेळापत्रक लागते आणि वैशालीची वेळ बारा ते आठ होते. एका ओळीची सूचना, पण साडेतीन तासांची पोकळी साडेसात तासांची होते, आणि त्यात चिनूचे रात्रीचे जेवण, गृहपाठ आणि अंधार येतो. नव्या लेखकांना मी आग्रहाने सांगते की, नवऱ्याचे अचानक परत येणे, मुलाचे हरवणे किंवा बाईला असाध्य आजार होणे, यांपैकी काहीही लिहायचा मोह झाला तर तो तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा आणि तिची शिफ्ट बदलून पाहावी. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

पैशाचा कागद

दुसरा कागद कंटाळवाणा वाटतो म्हणून तो कोणी करत नाही. वैशालीचा पगार पंधरा हजार धरू. खोलीचे भाडे ५,०००, शाळेची फी महिन्याला १,५००, व्हॅन ९००, पेट्रोल १,६००, किराणा आणि भाजी ४,०००, दूध ९००, गॅस ५००, वीज ६०० आणि फोन ३००. बेरीज १५,३०० होते. म्हणजे कोणीही आजारी पडले नाही, कोणाचे लग्न निघाले नाही आणि गाडीचे टायर पंक्चर झाले नाही, तरी ती दर महिन्याला तीनशे रुपयांनी मागे आहे. हे तीनशे रुपये ती दर महिन्याला कुठून आणते, हे प्रेक्षकाला न सांगता दाखवता आले, तर संवादांतली निम्मी वाक्ये गळून पडतात. ती धंतोलीच्या उतारावर गाडी बंद करून घरंगळू देते, दूध अर्ध्या लिटरवरून पावशेरावर येते, सहकारी बायका आलूबोंडा मागवतात तेव्हा तिचा उपवास असतो, आणि तिचे उपवास आठवड्यातून तीन वेळा येऊ लागतात.

उन्हाळ्यात हा कागद पुन्हा लिहावा लागतो. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कूलर रात्रभर चालतो आणि विजेचे ६०० रुपये ६०० राहत नाहीत. कूलरला पाणीही लागते, आणि वरच्या मजल्यावर ते बादलीने चढवावे लागते. जूनमध्ये शाळेची पुस्तके येतात. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात मात्र उन्हामुळे महिन्याच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पुण्यामुंबईच्या संहितांतून उचललेला ‘पंधरा जूनचा पहिला दिवस’ येथे लिहू नये. लहानशी चूक आहे, पण नागपूरचा प्रेक्षक ती तिथल्या तिथे पकडतो.

हिशेबाची वही प्रत्यक्ष पडद्यावर असावी, असे माझे मत आहे. बाजारात मिळणाऱ्या लांब, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीपेक्षा चिनूच्या मागच्या वर्षीच्या वहीची उरलेली पाने अधिक चांगली, कारण पुढच्या पानांवर त्याची बाराखडी असते आणि मागून तिचे आकडे येतात.

ती एकटी कशी झाली

हे लेखकाला पक्के माहीत असावे आणि प्रेक्षकाला थोडेच सांगावे. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली आणि अविवाहित या चौघींचे कागद, नातेवाईक आणि लोकांच्या नजरा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे ‘एकल माता’ एवढ्या शब्दावर पात्र उभे राहत नाही. कायदेशीर तपशील चुकला की सगळा खेळ खोटा वाटतो, म्हणून काही गोष्टी येथे नोंदवते.

आपल्या न्यायालयांत न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने स्थापन झाली, तेथे समुपदेशक असतात, पक्षकारांनी मागणी केल्यास कामकाज बंद दाराआड चालते आणि गॅलरीत गर्दी करून टाळ्या वाजवणारे लोक नसतात. हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने फारकत घ्यायची तर आधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या व दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचे अंतर असते. हे अंतर योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो. चिनू सात वर्षांचा आहे, त्यामुळे ‘मूल आईचेच’ हे वाक्य वैशालीच्या वकिलाने इतक्या सहज उच्चारू नये. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पटकथेतला वकील अजूनही ‘एकशे पंचवीस’ म्हणत असेल तर ते सवयीने म्हणतो हे अभिनेत्याला ठाऊक हवे.

शाळाप्रवेशाचा प्रसंग जवळपास प्रत्येक संहितेत असतो आणि जवळपास प्रत्येक संहितेत तो चुकतो. जुन्या शाळेने टीसी दिली नाही म्हणून नवी शाळा मुलाला परत पाठवते आणि आई पायरीवर बसून रडते, असा तो असतो. आठवीपर्यंतच्या मुलाला टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिले आहे. ते शासकीय व अनुदानित शाळांबद्दल आहे. तरीही खिडकीतला लिपिक ‘टीसीशिवाय नाही होत मॅडम’ म्हणू शकतो, कारण खिडक्यांवर असे म्हटले जाते. पण मग वैशालीला कायदा माहीत आहे की नाही, माहीत असून ती भांडते की मुलाला तिथेच शिकायचे आहे म्हणून हसून घेते, हे ठरवावे लागते. भांडण करणारी नायिका लिहायला सोपी आहे. मला हसून घेणारी वैशाली खरी वाटते, आणि ती बाहेर येऊन गाडीची किक तीनदा चुकवते.

त्याच अर्जावर नावाचा रकाना असतो. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरला आहे. चिनू त्याआधीचा आहे. त्यामुळे त्याच्या सगळ्या कागदांवर मधले नाव वडिलांचेच आहे, आणि जो माणूस पडद्यावर एकदाही येत नाही तो प्रत्येक अर्जात, प्रत्येक वहीच्या वेष्टनावर हजर राहतो. वैशाली नव्या वह्यांना खाकी वेष्टने घालते आणि लेबलवर नाव लिहिताना मधल्या शब्दापाशी पेन थांबते. एवढाच भूतकाळ पुरे. फ्लॅशबॅक लिहूच नये.

चेहरा आणि दुपट्टा

दृश्यांचा विचार करताना तलाव, झीरो माईल आणि मेट्रोचा उंच पूल हे आधी सुचते. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी बसलेली विचारमग्न बाई मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता ती दिसली की मी घड्याळ पाहते. वैशालीकडे तलावावर बसायला वेळ नाही, हे तिच्या दिवसाच्या कागदावरच दिसते. तिचे नागपूर म्हणजे मानेवाडा, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक आणि धंतोली एवढेच आहे, आणि चित्रपट त्याच रस्त्यावर राहावा. मेट्रो दाखवायची असेल तर खालून दाखवावी. डोक्यावरून थंडगार डबे जातात आणि ती सिग्नलला उभी असते, हे अंतर दिसण्यासाठी संवाद लागत नाही.

या शहराने चित्रपटाला दिलेली सगळ्यांत मोठी देणगी माझ्या मते दुपट्टा आहे. दुचाकीवरची नागपूरची बाई उन्हापासून वाचण्यासाठी डोके, कान, नाक, तोंड असे सगळे गुंडाळून घेते, हातात कोपरापर्यंतचे मोजे चढवते आणि सिग्नलवर फक्त डोळे उरतात. अनेक दिग्दर्शक अभिनेत्रीचा चेहरा दिसावा म्हणून तो दुपट्टा काढून टाकतात, आणि तिथेच नागपूर हरवते. तो ठेवावा. वैशालीचा चेहरा दिवसातून मोजक्या ठिकाणी उघडा पडतो: लॅबच्या आरशासमोर, शाळेच्या खिडकीपुढे आणि रात्री खोलीच्या दारात. दुपट्टा सोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ तिला चेहरा बदलायला मिळतो. जिन्यावर ती रडवेली आहे, दुपट्ट्याची गाठ सोडताना तिचे डोळे अजून तसेच आहेत, आणि शेवटचा वेढा उतरतो तेव्हा चिनूला जी दिसते ती हसणारी आई असते. हा शॉट एका टेकमध्ये, कॅमेरा दाराच्या आत ठेवून, चिनूच्या उंचीवरून घ्यावा.

ती काय बोलते

नागपूरची बोली म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावणे नव्हे. ‘बे’ हा मित्रांमधला, विशेषतः पोट्ट्यांमधला शब्द आहे आणि घरमालकिणीशी बोलताना तो कोणीही वापरत नाही. खरी ओळख क्रियापदात आहे. ‘मी येते आहे’ ऐवजी ‘मी येऊन राहिली’, ‘तो झोपला आहे’ ऐवजी ‘तो झोपून राहिला’. बोरकरकाकू जिन्यातून ‘काहून गं, आज डबा तसाच आणला?’ असे विचारतील आणि वैशाली ‘भूकच नव्हती काकू’ म्हणेल. भाजीच्या ठेल्यावर ती ‘सांबार काय भाव, भाऊ?’ असे विचारेल, कारण येथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मानेवाड्याच्या ठेल्यावर कोथिंबीर मागणारी बाई पुण्याच्या लेखकाने लिहिली आहे, हे लगेच कळते.

वैशालीच्या तोंडी तीन भाषा असाव्यात, कारण खऱ्या वैशालीच्या तोंडी त्या असतात. काउंटरवर ती ‘रिपोर्ट संध्याकाळी मिळेल, आपण पावती सोबत आणा’ अशी इस्त्री केलेली मराठी बोलते. सदर किंवा मोमिनपुऱ्याहून आलेल्या रुग्णाशी ती सहज हिंदीत जाते. आणि चिनूवर राग अनावर झाला की आतली वऱ्हाडी उसळून येते: ‘तुले किती डाव सांगू?’ असे बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकते, कारण ही बोली, हा सूर आणि हे वाक्य अमरावतीच्या त्या घरातले आहे. भाषेतला हा बदल अभिनेत्रीला नीट समजावून सांगावा, आणि तिला जमत नसेल तर तो प्रसंग गाळावा. खोटी वऱ्हाडी ऐकवत नाही.

एक प्रसंग जवळून

सण घ्यायचाच असेल तर दिवाळी घेऊ नये, तान्हा पोळा घ्यावा. श्रावणातल्या अमावास्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात एकीकडे काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तर दुसरीकडे मोहल्ल्यामोहल्ल्यात लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात. नंतर ती बैल ओढत घरोघर जातात आणि मोठी माणसे त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात.

चिनूचा नंदी अमरावतीलाच राहिला आहे. आजोबांनी घेतलेला, गुडघ्याएवढा, शिंगांना पितळी टोपणे असलेला. संहितेच्या पहिल्या मसुद्यात मुलगा यावर हट्ट करतो आणि आई त्याला जवळ घेते. दुसऱ्या मसुद्यात हट्ट काढून टाकावा. वैशाली महालातून वीतभर उंचीचा बैल आणते. त्याची किंमत तीनशे रुपये असावी, म्हणजे दर महिन्याला कमी पडतात तेवढीच, पण हे कोणीही बोलून दाखवू नये. बैलाचे एक चाक करकरते. ती केसांचे तेल बोटावर घेऊन चाकाला लावते, तरी ते करकरतेच. रांगेत शेजारच्या मुलाचा बैल कमरेएवढा आहे. चिनू एकदा त्याच्याकडे आणि एकदा आपल्याकडे पाहतो, सुतळी थोडी आखूड धरतो आणि चालू लागतो. काकू बोजारा म्हणून वीस रुपये देतात, इतर घरांतून दहा-दहा मिळतात, आणि संध्याकाळी तो हे सगळे पैसे कंपासपेटीत घालून झाकण दाबतो.

या प्रसंगाचे फळ तीन-चार दिवसांनी मिळते. पहाटे गाडीचा काटा तळाला टेकलेला आहे, पगाराला आठवडा आहे, आणि झोपलेल्या चिनूच्या दप्तरातून ती कंपासपेटी काढते. झाकण उघडताना टक् असा आवाज होतो, ती थांबते, तो कूस बदलतो. चाळीस रुपये घेऊन ती हिशेबाच्या वहीत, किराण्याच्या खाली, ‘चिनू – ४०’ असे लिहिते. माझा अनुभव असा की या प्रसंगावर संगीत घालणारे दिग्दर्शक नंतर ते काढतात, म्हणून आधीच घालू नये.

चित्रीकरण

माझ्या स्वतःच्या पहिल्या लघुपटाचे चित्रीकरण मी मे महिन्यात ठेवले, कारण सगळ्यांना सुट्टी होती. टेक सुरू होताना आम्ही खोलीतला कूलर बंद करत होतो. शेजारच्या तिन्ही घरांचे कूलर बंद करणे आमच्या हातात नव्हते. संकलनाला बसल्यावर कळले की प्रत्येक कटला मागची घरघर कमी-जास्त होते आहे, कारण दुपारी शेजारचे दोन कूलर चालू होते आणि संध्याकाळी एकच. डबिंग करायचे ठरले, पण स्टुडिओचे पैसे जमेपर्यंत डिसेंबर उजाडला, आणि मे महिन्यात पुढचे दोन दात पडलेल्या आमच्या बालकलाकाराला तोपर्यंत नवे दात आले होते. त्याचे बोबडे ‘स’ गेले होते. पडद्यावर बोळक्या तोंडाचा मुलगा आणि आवाज खणखणीत, असा तो लघुपट अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून चित्रीकरण नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान करावे. मध्य डिसेंबरात येथे सूर्य साधारण पावणेसातला उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवस लहान असतो, पण ऊन दिवसभर मऊ राहते. कथेत उन्हाळा हवाच असेल तर मेमध्ये फक्त रस्त्यावरची, विनासंवाद दृश्ये घ्यावीत. तेव्हा साडेपाचला उजाडते, नऊनंतर माणसे आणि फोन दोन्ही तापतात. घरातली उन्हाळ्याची दृश्ये हिवाळ्यात घेता येतात. खिडकीत कूलर ठेवावा, तो चालू करू नये, आणि त्याचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून संकलनात सगळ्या शॉटखाली एकसारखा पसरावा. प्रत्येक खोलीत, कोणीही न बोलता, एक मिनिटभर शांततेचाही आवाज घेऊन ठेवावा. अभिनेत्यांच्या अंगावर पाणी शिंपडून घाम दाखवता येतो, आवाजातली घरघर मात्र काढता येत नाही.

फोनवर चित्रीकरण करायला हरकत नाही, पण आवाज फोनवर घेऊ नये. दोन कॉलर माइक भाड्याने घ्यावेत. दुपट्ट्याखाली माइक लावला की कापड घासल्याचा आवाज येतो, तेव्हा दुपट्ट्याच्या दृश्यांत तो केसांत लपवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली शटर १/५० वर ठेवावे आणि सेकंदाला २५ फ्रेम घ्याव्यात, नाही तर लॅबच्या दृश्यांत प्रकाश फडफडतो. लॅब खरी मिळाली तर रविवारी दुपारी मागावी, आणि रुग्णांचे खरे रिपोर्ट, नावे, फोन क्रमांक काउंटरवरून आधी उचलून घ्यावेत. मेट्रोच्या स्थानकात किंवा रेल्वेच्या फलाटावर चोरून शॉट घेऊ नयेत, त्यासाठी संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी लागते.

मुलाबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर चौदा वर्षांखालील मुलाला चित्रपटात कलाकार म्हणून काम करता येते, पण अटींवर. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मुलाच्या मानधनातली किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी लागते. या अटी त्रासाच्या वाटल्या तर चित्रपटाचा विषय पुन्हा आठवून पाहावा. पाच तास म्हणजे प्रत्यक्षात दोन प्रसंग होतात, त्यामुळे चार दिवसांचे वेळापत्रक चिनूभोवती आखावे आणि वैशालीचे एकटीचे शॉट त्याच्या सुट्टीच्या वेळेत घ्यावेत. मुलाला संवाद पाठ करून देऊ नयेत. त्याला बैल द्यावा, सुतळी द्यावी, आणि चाक का करकरते हे त्याने शोधत असताना कॅमेरा चालू ठेवावा.

संकलनानंतर

पहिली जुळवणी साधारण तीस मिनिटांची होते. कापायला बसल्यावर सर्वप्रथम ती बसस्थानकावर उतरते तो शॉट काढावा. तो चांगला झालेला असतो, तरी काढावा. चित्रपट मधल्याच एखाद्या दिवशी, पाच वाजता, बादलीत पाणी पडण्याच्या आवाजाने सुरू झाला तर ती कुठून आली हे कळायला प्रेक्षकाला सहा-सात मिनिटे लागतात, आणि तेवढी मिनिटे तो लक्ष देऊन पाहतो.

शेवट कसा करावा, यावर सगळे अडतात. बढती, दुसरे लग्न, स्वतःचा पापडांचा उद्योग हे तिन्ही शेवट माझ्याकडे आलेले आहेत. पैशाच्या कागदावर तीनशे रुपयांची तूट होती, ती चित्रपटाच्या शेवटी सोडवायचीच असे काही नाही. एवढे मात्र पाहावे की वहीतली ‘चिनू – ४०’ ही ओळ पगाराच्या दिवशी खोडली जाते, आणि खोडण्याआधी कंपासपेटीचे झाकण पुन्हा एकदा टक् करून वाजते. या वेळी चिनू जागा असतो की झोपलेला, हे दिग्दर्शकाने ठरवावे. मी तो जागा ठेवीन आणि त्याचे डोळे मिटलेले ठेवीन.

जुळवणी पक्की करण्यापूर्वी ती चित्रपटवाल्या मित्रांना दाखवू नये. ते प्रकाशाबद्दल बोलतात. स्वतः एकटीने मूल वाढवणाऱ्या दोन-तीन बायकांना, त्यांच्या सोयीच्या वेळी, म्हणजे बहुधा रविवारी दुपारी चारनंतर, घरी बोलावून दाखवावी, चहा-चिवडा ठेवावा आणि मुले सोबत येणार हे गृहीत धरून दुसऱ्या खोलीत त्यांची सोय करावी. त्या ‘छान आहे’ म्हणतील, त्याकडे लक्ष देऊ नये. त्या पडद्याकडे पाहत असताना त्यांच्याकडे पाहावे आणि कुठल्या क्षणी त्यांनी एकमेकींकडे पाहिले, ती मिनिटे आणि सेकंद वहीत टिपून ठेवावीत.